आधी रोजनामा, मग दावा: वकिलाने कुठला कागद किती जोरात वाचायचा

तुझा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नुकतीच वकिलीची सनद मिळालीय, तालुक्याच्या कोर्टात दिवाणी आणि चेक बाउन्सचं काम करणाऱ्या सीनियरकडे बसायला लागलायस, ते संध्याकाळी तीन-चार फायली आणि वर एखादं जजमेंट हातात ठेवतात आणि सकाळी कोर्टात जाता जाता विचारतात "काय रे, काय आहे त्यात?", आणि तू रात्री एकपर्यंत बसलास तरी एकच फाईल होते. त्यात रील्सवर मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवणाऱ्या कोर्सची जाहिरात सारखी येतेय, तर तो लावू का. मी बरीच वर्षं दिवाणीच करतोय, बरेच ज्युनिअर हाताखालून गेलेत आणि जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी हे विचारलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोर्स नको. हा धंदा जुना आहे, अमेरिकेत एव्हलिन वूड नावाच्या बाईंनी १९५९ मध्ये असे वर्ग सुरू केले आणि तेव्हापासून तेच दावे नव्या पाकिटात येतायत. डोळा ओळीवरून सरकत जात नाही, तो उड्या मारत जातो आणि प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो, आणि अक्षरं स्पष्ट दिसतात ती फक्त नजरेच्या मधोमध. म्हणजे सेकंदाला चारेक थांबे, आता यात मिनिटाला हजार शब्द कुठून बसवणार तूच सांग. मार्क ब्रिसबार्ट नावाच्या संशोधकाने २०१९ मध्ये जुने सगळे अभ्यास एकत्र करून इंग्रजी वाचणाऱ्या मोठ्या माणसांची सरासरी काढली ती माहितीपर मजकुरासाठी मिनिटाला २३८ शब्द अशी आली. त्याआधी २०१६ मध्ये कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पीड रीडिंगवरचं सगळं संशोधन तपासून सांगितलं की वेग फार वाढवला की समज कमी होतेच. आणि कोर्सवाले जे सांगतात ना, की मागे जाऊन परत वाचू नका, त्याचाही प्रयोग झालाय, वाचून पुढे गेलेला शब्द मागे जाऊन बघताच येणार नाही अशी व्यवस्था केली तर लोकांना मजकूर कमी समजला. मनातल्या मनात उच्चार करणं बंद करा हाही असाच सल्ला, अवघड मजकुरात तो उच्चारच अर्थ धरून ठेवतो.

मराठीत तर शब्द मोजण्यात काही अर्थच नाही. "वादीच्या वडिलांच्या हयातीतच" हे आपल्याकडे तीन शब्द झाले, इंग्रजीत तेवढ्यालाच दुपटीने शब्द लागतील. तेव्हा तुझा स्पीड किती ते मोजणारी अॅप आधी काढून टाक.

तुझा प्रॉब्लेम वेगळा आहे. कॉलेजात परीक्षेचं पुस्तक वाचायचास तसंच तू प्रत्येक कागद पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच गतीने वाचतोयस. कोर्टातला कागद असा वाचायचा नसतो. तुझे सीनियर वीस मिनिटांत फाईल बघून उभे राहतात ते त्यांचे डोळे जोरात फिरतात म्हणून नाही, आज या फाईलीत काय शोधायचंय आणि ते कुठे सापडतं हे त्यांना माहीत असतं म्हणून. बाकीचं ते वाचतच नाहीत. आणि जे वाचतात ते काही वेळा तुझ्यापेक्षाही हळू वाचतात, हे तू बघितलं नसशील कारण ते घरी वाचतात.

उद्याच्या तारखेची फाईल घे. सगळ्यात आधी रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, आणि तोही शेवटच्या तारखेपासून मागे. दोन मिनिटांत कळतं की केस कुठे अडकलीय, मुद्दे काढायचे बाकी आहेत का, वादीचा पुरावा चालू आहे का, मागच्या वेळी कोणी मुदत मागितली, कॉस्ट लागलीय का. मग फक्त त्या स्टेजला लागणारे कागद. उद्या निशाणी ५ वर युक्तिवाद असेल, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज, तर तो अर्ज, त्यावर समोरच्याचा से म्हणजे लेखी म्हणणं, आणि दस्तऐवजांच्या यादीतले ज्यावर दोघांचंही भांडण आहे तेवढे दोन-तीन दस्त. निशाणी १ म्हणजे मूळ दाव्यात मिळकतीचं वर्णन, दाव्याचं कारण आणि शेवटची विनंती एवढंच बघ, बाकी अर्जात तेच परत लिहिलेलं असतं. उलट उद्या नुसती समन्स बजावणीची तारीख असेल तर बेलिफचा अहवाल वाच आणि फाईल मिट. सरतपासाचं शपथपत्र, म्हणजे साक्षीदाराची स्वतःच्या बाजूची लेखी साक्ष, हा तर दाव्याचीच नक्कल असलेला कागद, ते वाचताना दावा शेजारी उघडा ठेवायचा आणि काय बदललंय, काय नवीन घुसवलंय, काय गाळलंय एवढंच हेरायचं. जे गाळलंय त्यावर उलटतपास उभा राहतो.

दुसऱ्या वकिलाकडून आलेली जुनी फाईल असेल तरीही रोजनामाच आधी, फक्त तेव्हा पहिल्या तारखेपासून पुढे वाच.

जजमेंटचं जरा नीट सांगतो कारण तिथेच तुझी रात्र जाते. खालच्या कोर्टाच्या दिवाणी निकालाला ठरलेला सांगाडा असतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २० मध्येच म्हटलंय की प्रकरणाची थोडक्यात हकीकत, ठरवायचे मुद्दे, त्यावरचा निर्णय आणि कारणं हे सगळं त्यात हवं. आपल्याकडे ते मुद्दे आणि निष्कर्ष असे दोन रकाने करून मांडलेले असतात, समोर होकारार्थी, नकारार्थी. अपिलाचं काम असेल तर थेट त्या तक्त्यावर जा, मग शेवटचा आदेश, मग जो मुद्दा आपल्या विरुद्ध गेलाय त्याची कारणं. ती कारणं मात्र सावकाश, पेन्सिल हातात घेऊन, कारण अपिलाची ग्राउंड्स तिथूनच निघणार आहेत. सुरुवातीची आठ-दहा पानं वादीचं म्हणणं आणि प्रतिवादीचं म्हणणं यातच गेलेली असतात, ती फाईलीत तू आधीच वाचलीस.

वरच्या कोर्टाच्या निकालाचं वाचन दोन प्रकारचं. एक, हा निकाल आपल्या कामाचा आहे का एवढंच ठरवायला. त्याला हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, मग प्रकरणाच्या फॅक्ट्सचा एखादा परिच्छेद, मग शेवट. पाच-सात मिनिटं पुरतात आणि बहुतेक निकाल इथेच बाजूला पडतात, पडू दे. दोन, कोर्टापुढे दाखवायला. इथे हेडनोटवर विसंबायचं नाही, ती रिपोर्टरच्या, म्हणजे निकाल छापणाऱ्या नियतकालिकाच्या, संपादकाने केलेली असते, निकालाचा भाग नसते, आणि समोरचा वकील चांगला असेल तर तो उठून म्हणतो की साहेब परिच्छेद अमुक बघा, तिथे उलटं आहे. घाईत वाचणाऱ्यांचा नेहमीचा घोटाळा असा की निकालात आधी वकिलांचे युक्तिवाद नोंदवलेले असतात, "असे प्रतिपादन करण्यात आले की" या धाटणीत चार-चार पानं, त्यातलं एखादं झकास वाक्य ज्युनिअरला दिसतं, तो पिवळं करतो आणि कोर्टाचं मत म्हणून वाचून दाखवतो. ते मत कोर्टाचं नसतंच, एका पक्षाच्या वकिलाचं असतं, कधी तर हरलेल्या! तेव्हा आधी पानं उलटत जाऊन कोर्ट स्वतः बोलायला कुठे सुरुवात करतं ती जागा शोध आणि तिथे उभी रेघ मार. बेंच मोठं असेल तर कोणाचं मत बहुमताचं आणि कोणाचं भिन्न हेही आधी बघून घे. केशवानंद भारतीचा १९७३ चा निकाल घे, १३ न्यायाधीश, ११ वेगवेगळी निकालपत्रं आणि शेवटी ७ विरुद्ध ६. असा निकाल सलग वाचायला बसणारा माणूस एक तर अभ्यासक असतो नाही तर त्याच्याकडे पक्षकार नसतात. आपल्याला जो मुद्दा हवा त्यावर कोण काय म्हणालं तेवढं गाठायचं.

आता शोधाशोधीचं वाचन, ज्यात मजकूर वाचायचाच नसतो. चेक बाउन्सची, म्हणजे कलम १३८ ची फाईल आली की मी एका कोऱ्या कागदावर पाच ओळी आखायला सांगतो: चेकवरची तारीख, बँकेचा रिटर्न मेमो मिळाला ती तारीख, नोटीस पाठवली ती, नोटीस पोचली ती, फिर्याद दाखल केली ती. मग फाईलीत फक्त या तारखा हुडकायच्या, मजकुराकडे बघायचंही नाही. चेक तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकलाय का, मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीय का, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस दिलेत का आणि ते संपल्यावर महिन्याभरात फिर्याद झालीय का. दहा मिनिटांत केसचा जीव कळतो. एखादी तारीख सापडली नाही तर तो आपला पहिला प्रश्न, पोस्टाची पोचपावती कुठेय. मग हवं तर सावकाश बसून उसनवारीची कहाणी वाच.

सातबाराही तसाच. नवीन मुलं वर गावाचं नाव, गट नंबर इथून सुरू करून शेवटापर्यंत जातात. मी आधी भोगवटादार वर्ग बघतो, वर्ग २ असेल तर विक्रीला परवानगीची भानगड आली. मग थेट इतर हक्काचा रकाना, सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टाचा काही आदेश. मग खाली शेवटचा फेरफार क्रमांक आणि प्रलंबित फेरफार आहे की नाही. मग नावं आणि क्षेत्र. जुन्या हाताने लिहिलेल्या उताऱ्यात कंस केलेली नावं आणि गोलातले फेरफार नंबर, त्या प्रत्येक नंबराचा फेरफार मागवायचा, कारण कंस का झाला हे सातबारा सांगत नाही, फेरफार सांगतो. आणि फेरफार हातात आला की तो मात्र शब्द न् शब्द वाचायचा, वारसांमध्ये बहिणींची नावं लागली होती का, हक्कसोड नोंदणीकृत होतं का नुसत्या जबाबावर. वाटपाचे निम्मे दावे तिथेच असतात.

उलटतपासाचे कागद वाचायची एक युक्ती सांगतो, ही कुठल्या कोर्सात मिळायची नाही. आपल्याकडे जबाब "हे म्हणणे खरे नाही की" अशा वाक्यांनी भरलेला असतो, वकील सूचना करत जातो आणि साक्षीदार नाकारत जातो. नाकारलेली सूचना म्हणजे पुरावा नव्हे, तेव्हा युक्तिवादाची तयारी करताना या ओळींवरून नजर सरकवत जायचं आणि "हे म्हणणे खरे आहे की" दिसलं की थांबायचं, कबुल्या तिथे असतात. पण नजर सरकवताना एक सापळा ध्यानात ठेव. "हे म्हणणे खरे नाही की, मी त्या दिवशी गावात हजर नव्हतो." म्हणजे साक्षीदार हजर होता म्हणतोय! दोन नकार एका ओळीत आले की घाईत वाचणारा हमखास उलटा अर्थ घेऊन उठतो, म्हणून अशा प्रत्येक ओळीपुढे समासात सरळ वाक्य लिहायचं, "हजर होता म्हणतो". आणि साक्षीदाराने "मला आठवत नाही" किंवा "सांगता येणार नाही" म्हटलंय ते वेगळ्या खुणेने, ती कबुली नाही पण उपयोगाची असते.

मग सावकाश काय वाचायचं? आपल्याविरुद्ध आलेला दावा, ज्याची कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, तुला ड्राफ्ट करायचीय. इथे वेग म्हणजे आत्मघात. त्याच दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ८ नियम ५ सांगतो की दाव्यातलं जे विधान तू स्पष्टपणे किंवा ओघाने नाकारलं नाहीस ते कबूल धरलं जाईल. म्हणजे एक परिच्छेद नजरेतून सुटला तर पक्षकाराच्या वतीने तू तो मान्य करून बसलास. आणि नुसतं नाकारूनही भागत नाही, नियम ४ मोघम नकार चालवून घेत नाही. समज दाव्यात लिहिलंय, "वादीने प्रतिवादीस गावातील पंचांसमक्ष रोख रु. २,००,००० दिले." तू लिहिलंस, "वादीने पंचांसमक्ष रु. २,००,००० दिले हे खोटे आहे." मग प्रश्न येतो की पंचांसमक्ष नाही दिले, एकट्यात दिले का? दोन लाख नाही, दीड दिले का? त्या एका वाक्यात देणं, रक्कम, रोख आणि पंच अशा चार गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला वेगळं उत्तर पाहिजे, रक्कम किंवा तिचा कुठलाही भाग मिळालेला नाही असं, किंवा मिळाला असेल तर किती ते. म्हणून दाव्याची एक जादा झेरॉक्स काढायची, वाक्यावाक्याला उभ्या रेघा मारायच्या, प्रत्येक तुकड्यापुढे समासात खरं, खोटं, माहीत नाही असं लिहायचं आणि पक्षकाराला समोर बसवून ते भरायचं. चार पानांच्या दाव्याला दोन तास लागले तरी लागू दे.

कायद्याचं कलमही असंच. वर मी जो नियम ५ सांगितला तोच मूळ पुस्तकात उघडून बघ, आत अपवाद आहे की अज्ञान म्हणजे अल्पवयीन किंवा मनोरुग्ण अशा कायद्याने असमर्थ पक्षकाराविरुद्ध अशी कबुली धरता येत नाही, आणि खाली परंतुक आहे की कबूल धरलेली गोष्टही कोर्ट वेगळी शाबीत करायला सांगू शकतं. पहिली ओळ वाचून पुढे गेलास तर निम्माच कायदा हातात आला. "च्या अधीन राहून", "काहीही अंतर्भूत असले तरी", "परंतु", "स्पष्टीकरण" या शब्दांपाशी पेन्सिल थांबलीच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांना मात्र वेगळी रीत, ज्याला जुने कायदे येतात त्याने ते पहिल्यापासून वाचण्यात वेळ घालवू नये, जुन्या-नव्या कलमांचा तक्ता शेजारी ठेवून फक्त फरक वाचावा, फसवणुकीच्या ४२० चं ३१८ झालं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या ६५ब चं ६३ झालं, नंबर बदलला की शब्दही बदलले, एवढाच प्रश्न. तुला जुनंच नीट येत नसेल तर हा शॉर्टकट तुझ्यासाठी नाही, थेट नवीनच वाच.

तडजोड पुरसिस म्हणजे तडजोडीचा कोर्टात द्यायचा कागद, खरेदीखताचा मसुदा, चतु:सीमा, हे वाचायचं नसतंच, तपासायचं असतं. दोघांनी बसायचं, एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने टाईप केलेल्यावर बोट ठेवायचं. आपण स्वतः लिहिलेल्या मसुद्यात काय आहे ते दिसत नाही, काय असायला हवं ते दिसतं, पूर्वेचं पश्चिम झालेलं तिसऱ्यांदा वाचूनही कळत नाही.

बार कौन्सिलची परीक्षा बाकी आहे असंही लिहिलंयस. १०० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, बिनटिपांची बेअर अॅक्ट, म्हणजे नुसत्या कायद्याची पुस्तकं, आत नेता येतात. तिथे वाचनाचा कस नाही, शोधण्याचा आहे, तेव्हा कलमांची अनुक्रमणिका अशी ओळखीची करून घे की पुस्तक उघडलं की हात बरोबर त्या पानापाशी जाईल. बाकी फार टेन्शन घेऊ नकोस.

पीडीएफवर वाचू की प्रिंटवर? शोधायचं असेल तर स्क्रीन, सावकाश वाचायचं असेल तर कागद, मी तरी असंच करतो. सर्च मारताना एवढं बघ की स्कॅन केलेल्या फाईलीत बरेचदा सर्च चालतच नाही आणि नावांची स्पेलिंग प्रत्येक कागदात वेगळी असते, तेव्हा सर्चमध्ये काही आलं नाही म्हणजे फाईलीत नाही असं सीनियरला सांगून मोकळा होऊ नकोस. इंग्रजी निकाल वाचायला जड जातात म्हणतोस, ते आपोआप सुटेल, एकाच विषयाचे निकाल ओळीने वाच, म्हणजे महिनाभर नुसती मनाई हुकूमाची जजमेंट्स, तेच शब्द आणि तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात आणि वेग वाढतो तो असा ओळखीतून वाढतो. आज मनाई, उद्या कुळकायदा, परवा भाडेकरू असं केलंस तर रोज पहिलीत बसल्यासारखं वाटेल.

सरावाला सीनियरच्या ऑफिसातल्या निकाल लागलेल्या जुन्या फायली माग. निकालपत्र बाजूला काढून ठेव, मोबाईलवर वीस मिनिटं लाव, रोजनामा, मुद्दे, दोन्ही बाजूंचा महत्त्वाचा दस्त एवढं बघून वादी काय मागतोय, प्रतिवादी काय म्हणतोय, भांडण नेमकं कशावर आहे आणि कुठला कागद कमी आहे हे चार-पाच वाक्यांत लिही, आणि मग निकाल उघडून कोर्टाने कशावर बोट ठेवलं ते ताड. पहिल्या काही फायलींत तुझं आणि कोर्टाचं जुळणार नाही, मग जुळायला लागेल.

आणि उद्यापासून सीनियरने फाईल हातात दिली की तिथेच उभ्या उभ्या विचार, "सर, उद्या यात काय आहे, आणि मला काय बघून ठेवायचंय?" ते आधी वैतागतील, हेही मीच सांगू का म्हणतील, तरी दोन वाक्यांत सांगतील. ती दोन वाक्यं फाईलीच्या कव्हरवर पेन्सिलने लिहून घे आणि मगच फाईल घरी ने.